पदपथवासीयांची गृहनिर्माण चळवळ
मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांना सुरक्षित व परवडणारे घर मिळावे, यासाठी उभी राहिलेली चळवळ. रोजगाराचे ठिकाण पायी गाठता यावे, म्हणून ही कुटुंबे पदपथाचा आश्रय घेत. ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला. तथापि पूर्वसूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार कायम ठेवला. त्याच वर्षी ‘स्पार्क’ (स्थापना १९८४) या सेवाभावी संस्थेने सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी करून त्यांचे व्यवसाय व वास्तव्य यांची नोंद प्रसिद्ध केली. १९८६ मध्ये पदपथवासी स्त्रियांची ‘महिला मिलन’ ही संघटना स्थापन झाली. नित्याची अल्प बचत, घराच्या आराखड्याची चर्चा व शासनाशी वाटाघाटी ही कामे स्त्रियांनीच अंगावर घेतली. राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ (स्थापना १९७४) हा या आघाडीचा तिसरा घटक होय. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पदपथवासीही पात्र ठरले. धर्मादायाचा केवळ लाभार्थी न राहता रहिवासीच आपल्या घराविषयीच्या निर्णयाचा भागीदार झाला, हे या चळवळीचे वैशिष्ट्य होय. मात्र पुनर्वसनाची वसाहत कामापासून दूर गेल्यास, ज्या कारणासाठी पदपथ पतकरला, ती उपजीविकाच धोक्यात येते.