‘बाऱ्हे’ गाव सापडत का नाही?

मनमाड स्थानकात पूर्वी दोन वेगवेगळ्या रुंदीचे लोहमार्ग एकत्र येत. मुंबईहून येणारा मार्ग १६७६ मिलिमीटरचा, तर औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरावरून हैदराबादकडे जाणारा निजामाच्या रेल्वेचा मार्ग एक मीटरचा. रूळ दोन्हीकडे पोलादाचेच, पण एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे, आणि प्रवाशांना सामानासह गाडी बदलावी लागे. १९९० च्या दशकात तो मार्ग रुंद झाला. जुन्या शिक्षकांना ही धावपळ आठवत असेल.

मनमाडच्याच एका शाळेच्या संगणक कक्षात आम्हाला हे सारे पुन्हा आठवले. सुरगाणा तालुक्यातील बाऱ्हे गावची एक विद्यार्थिनी नातेवाइकांकडे राहून तेथे शिकते. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज एका संकेतस्थळावर भरायचा होता. गावाच्या रकान्यात सरांनी ‘बाऱ्हे’ लिहिले. उत्तर आले, ‘नोंद आढळली नाही.’ सरांनी पुन्हा लिहिले, तेच उत्तर. शेवटी ‘बारहे’ असे लिहावे का, अशी चर्चा सुरू झाली. पण मग रहिवासी दाखल्यावरचे नाव आणि अर्जातले नाव जुळले नसते, आणि अर्ज बाद होण्याची भीती होती. सर म्हणाले, “आमचेच काही तरी चुकत असेल.” आम्हाला तसे वाटत नाही.

संगणकाला अक्षरे ठाऊक नसतात; त्याच्यापाशी केवळ क्रमांक असतात. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर मानायचे हा माणसांनी केलेला करार आहे. ‘युनिकोड’ या जागतिक करारात देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक दिलेले आहेत. त्यानुसार ‘मनमाड’ म्हणजे २३५०, २३४४, २३५०, २३६६, २३३७. यातला २३६६ हा काना. त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, हे लक्षात ठेवावे.

हा करार रुळण्यापूर्वी आपल्याकडे वेगळीच युक्ती चाले. रोमन अक्षरांचे क्रमांक तसेच ठेवायचे आणि त्यांची चित्रे तेवढी देवनागरी काढायची. ‘कृतिदेव’ या प्रसिद्ध टंकात मनमाड लिहिले की संगणकात साठतात १०१, ११७, १०१, १०७, ७७; म्हणजे ई, यू, ई, के आणि मोठा एम ही रोमन अक्षरे. तो टंक ज्याच्याकडे नाही त्याला तीच अक्षरे दिसणार. २००० च्या सुमारास मराठी संकेतस्थळांची हीच गत होती. प्रत्येकाचा टंक निराळा, तो आधी उतरवून घ्यायचा. टंक आपोआप पाठवण्याची सोय निघाली, तर इंटरनेट एक्सप्लोररची पद्धत एक आणि नेटस्केपची दुसरी. एका ब्राउझरमध्ये वाचता येणारे पान दुसऱ्यात अगम्य!

गंमत अशी की भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ मध्ये आले होते आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. करार होता, तो पाळायला मात्र पुढे बराच काळ लागला. आजही जुन्या टंकात केलेली परिपत्रके पीडीएफ स्वरूपात भेटतात. पडद्यावर ती सुंदर दिसतात, पण त्यांत शब्द शोधता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याचा वाचक-प्रोग्राम ती वाचू लागला की निरर्थक रोमन अक्षरे उच्चारतो. तपासायचे असल्यास त्यातली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावी.

पण बाऱ्हे गावाचे संकेतस्थळ तर युनिकोडमध्येच होते. मग अडले कुठे?

मराठीतला हा अर्धा ‘ऱ्’ हिंदीत नसतो. तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. पहिल्या रीतीत २३५३ क्रमांकाचा खास ऱ घेऊन त्याला २३८१ हा हलन्त जोडतात. दुसऱ्या रीतीत नेहमीचा र, म्हणजे २३५२, मग हलन्त, आणि त्यापुढे ८२०५ हे न दिसणारे जोडचिन्ह. पहिल्या रीतीने ‘बाऱ्हे’ शब्दात सहा क्रमांक होतात, दुसरीने सात. डोळ्यांना फरक शून्य. पण संगणक क्रमांकांची तुलना करतो, आणि त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. यादी एका रीतीने भरलेली असेल आणि आपला कळफलक दुसऱ्या रीतीने लिहीत असेल तर गाव सापडणार नाही. शोध घेण्याआधी दोन्ही रीती एक करून घेणे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम, आणि ते दोन-चार ओळींचे आहे. काही जण तर न दिसणारी चिन्हे निरुपयोगी समजून गाळून टाकतात. मग ‘बाऱ्हे’चे ‘बार्हे’ होते, रफार ‘हे’च्या डोक्यावर जाऊन बसतो.

‘ॲ’चेही असेच. त्याला २४१८ हा क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधी अ आणि ॅ जोडून काम भागवत. म्हणून जुन्या टंकाच्या उपकरणावर ‘ॲ’च्या जागी चौकोन दिसतो. पिनकोडच्या रकान्यात मराठी कळफलकाने ४२३१०४ लिहिले की ‘फक्त अंक लिहा’ असा आदेश येतो. अंकच तर लिहिले! परंतु देवनागरी ७ चा क्रमांक २४१३ आणि इंग्रजी सातचा ५५. रकाना दुसराच ओळखतो. ‘क्षत्रिय’ हा शब्द विद्यार्थ्यांना मोजायला सांगावा. ते तीन अक्षरे म्हणतील, संगणक आठ मोजतो. अक्षरमर्यादा घातलेल्या रकान्यात लांब मराठी नावे का कापली जातात ते यावरून कळेल.

त्या दिवशी आम्ही पूर्ण नाव लिहिण्याऐवजी केवळ ‘बा’ एवढेच लिहिले. यादी उघडली, तीत बाऱ्हे होते, ते निवडले. पिनकोडसाठी कळफलक इंग्रजी केला. अर्ज गेला. मग फळ्यावर दोन्ही क्रमांक-माळा लिहून दाखवल्या. विद्यार्थिनीने त्या वहीत उतरवून घेतल्या आणि विचारले, “माझ्या दाखल्यावर यातले कोणते बाऱ्हे आहे?” कागदावर दोन्ही सारखीच, असे आम्ही सांगितले. त्यावर ती म्हणाली, “पण सर, दाखलाही संगणकातूनच निघाला ना?”