टेंभुर्णीचे पान ओळखावे कसे?



पानावरून झाड ओळखणे हा पंडितांचा विषय. मी तर कामगारांच्या सभांतून शिकलेला माणूस. परंतु आपल्या विदर्भाच्या रानात एक पान असे आहे की ते ओळखण्यावर गरिबाची मजुरी अवलंबून असते. ते पान टेंभुर्णीचे. बाजारात त्यालाच तेंदूपान म्हणतात. विडी वळतात ती यातच.

एका उन्हाळ्यात खरेदीदाराच्या माणसाने काही पुडे ‘भेसळ’ म्हणून बाजूला टाकले. मी भांडायला उभा राहिलो खरा, पण भेसळ म्हणजे काय हे मलाच ठाऊक नव्हते. तेव्हा एक वृद्ध मावशी म्हणाली, “भाऊ, पान डोयानं कमी, बोटानं जास्त पाहा लागते.”

तिने शिकविले ते असे. टेंभुर्णीचे पान अखंड कडेचे आणि चिवट असते. कोवळेपणी ते दोन्ही अंगांनी लवदार. जून होता होता वरची बाजू गुळगुळीत होते, खालची लव मात्र बोटाला लागते. घोटाळा होतो तो मोहाशी. मोहाची पाने फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात, त्यांच्या शिरा सरळ व समांतर असतात, आणि ताजे पान तोडताच पांढरा चीक निघतो. टेंभुर्णीला चीक नाही. पळसाची तीन पाने एका देठावर, आपट्याचे पान दोन पाळ्यांचे. त्यांत चूक होऊ नये. तरीही एका खुणेवर विसंबू नये. एकाच झाडावर पाने लहानमोठी असतात; म्हणून काळपट, चौकोनी भेगांची साल आणि टेंभराचे पिवळे फळही पाहावे. चिकाची परीक्षा झाडाखालीच करावी. वाळलेल्या पानात ती चालत नाही.

मग मावशीने एक पुडा सोडला. दोन पाने मोहाची निघाली. ती तिने स्वतःच बाजूला ठेवली. “हे दोन माही चूक. बाकीचे मोजा.” बाकीची अडुसष्ट पाने कोणालाही नाकारता आली नाहीत.

७० पानांचा एक पुडा, १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे ७०,००० पाने, आणि प्रत्येक पान हाताने खुडलेले! १९६९ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात या व्यापाराचे नियमन सरकारकडे आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपानासह गौण वनोपजावर वनवासींचा मालकी हक्क मान्य केला. हे हक्क मोलाचे आहेत. पण खरेदीच्या जागी पुडा नाकारला जातो तेव्हा कायद्याचे पुस्तक हाताशी नसते. हाताशी पान असते. ते ज्याला ओळखता येते, त्याला आपली चूक कबूल करता येते आणि आपला दामही मागता येतो.

तेव्हा या वैशाखात रानात गेलात, तर एक पान हातात घ्या आणि खालून बोट फिरवून पाहा.