हंगाम मुलींचाही

अमेरिकेत 23 जून 1972 रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्यावर सही केली. त्यातले ‘टायटल नाइन’ हे प्रकरण सांगते ते एवढेच : केंद्राचा पैसा घेणाऱ्या शैक्षणिक उपक्रमात लिंगावरून भेदभाव करता येणार नाही. त्यात खेळाचा उल्लेखही नाही. पॅट्सी मिंक, एडिथ ग्रीन या खासदारांपुढे प्रश्न होता तो मुख्यतः प्रवेशांचा आणि नोकऱ्यांचा. पण बदल डोळ्यांत भरला तो मैदानावर. 1971-72 मध्ये हायस्कूलच्या संघांतून 36 लाखांवर मुलगे खेळत. मुली 3 लाखही नव्हत्या. पुढे त्या 30 लाखांपलीकडे गेल्या.

त्यासाठी झगडावे मात्र फार लागले. कमाई करून देणारे खेळ कायद्यातून वगळावेत, हा सेनेटर जॉन टॉवर यांचा प्रयत्न 1974 मध्ये फसला. दहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची कक्षा थेट अनुदान मिळणाऱ्या विभागापुरतीच ठेवली आणि खेळ जवळजवळ बाहेर पडले. 1988 मध्ये रेगन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने ती कक्षा पूर्ववत केली.

संघ निघाले, तरी तेवढ्याने समानता आली नाही. अलाबामातील बर्मिंगहॅममध्ये मुलींच्या बास्केटबॉल संघाला पैसा आणि साधने मुलांइतकी मिळत नाहीत, अशी तक्रार करणारे प्रशिक्षक रॉडरिक जॅक्सन यांचे प्रशिक्षकपद गेले. तक्रारदारावर असा सूड उगवणे हाही भेदभावच, असा निकाल 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी दिला. तोंड उघडणाऱ्याला संरक्षण नसेल, तर कायदा कागदावरच राहतो. म्हणून हा निकाल मोलाचा.

मिशिगनमधला अन्याय सहज नजरेत न येणारा होता. बास्केटबॉल हा हिवाळी खेळ, पण तिथे मुली तो शरद ऋतूत खेळत. व्हॉलीबॉल बहुतेक राज्यांत शरदात, इथे मुलींना हिवाळ्यात. त्यामुळे महाविद्यालयांचे निवडकर्ते खेळाडू हेरत फिरत त्या वेळेशी मुलींचे सामने जुळत नसत. मुलांना त्यांचा नेहमीचा हंगाम मिळे. पालकांनी 1998 मध्ये दावा लावला. व्यायामशाळा आणि प्रशिक्षक अपुरे, म्हणून हंगाम वाटून घ्यावे लागतात, असा राज्य क्रीडासंघटनेचा बचाव होता. मग गैरसोयीचा वाटा मुलींकडेच का, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. 2001 मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला. अपिले चालू राहिली. अखेर 2007-08 या शालेय वर्षापासून मिशिगनच्या मुली हिवाळ्यात बास्केटबॉल खेळू लागल्या.