विडी घरात वळली, तरी ती कामगारच!

‘बायको काय करते?’ असं सोलापुरात विचारलं, तर कितीतरी घरांतून उत्तर येतं, ‘काही नाही, घरीच असते. विड्या वळते.’ काही नाही म्हणे! पानं भिजत घालायची, एका मापात कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचं, दोरा गुंडाळायचा, कट्टे मोजायचे आणि कारखान्यात नेऊन द्यायचे. स्वयंपाकपाणी, मुलंबाळं हे सगळं त्यातच. पाठ धरते, तंबाखूचा खकाणा नाकातोंडात जातो, ते वेगळंच.

होटगी परिसरात बचत गटाच्या निमित्ताने अशा बायकांशी माझं बोलणं होतं. एका मावशींनी हजार विड्या दिल्या, त्यातल्या दीडशे ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या. पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत! ‘तुमचं पुस्तक कुठंय?’ असं विचारलं, तर म्हणाल्या, ‘ते ठेकेदाराकडंच असतंय की. आपल्याला काय वाचता येतंय?’

मैत्रिणींनो, खरी मेख इथेच आहे. घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा कामगारच, हे १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने मान्य केलं होतं. त्याखालच्या महाराष्ट्राच्या १९६८ च्या नियमांत सर्वसाधारणपणे शंभरात पाचपेक्षा जास्त विड्या छाट काढू नयेत, असं होतं. बाईने मुद्दाम हयगय केली नसेल, तर छाट विड्यांचीही निम्मी मजुरी द्यायची होती. म्हणजे हजारात पन्नास, दीडशे नव्हे! विडी उद्योगाला प्रॉव्हिडंट फंडही १९७७ पासून लागू झाला. पण वहीत नावच नसेल, तर फंड कुणाच्या नावावर जमा होणार?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या किमान वेतन कायद्याच्या जागी वेतन संहिता आली आहे. नगावर काम असलं तरी किमान मजुरी ठरवण्याची तरतूद तिच्यात आहे. कायद्यात सांगितलेल्या कारणांशिवाय मजुरी कापता येत नाही. कमी मजुरीची तक्रार पूर्वी सहा महिन्यांत करावी लागे, आता तीन वर्षांपर्यंत करता येते. ती युनियनलाही करता येते. आणि पैसे दिले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

एकजुटीने काय होतं, ते आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारीला जाऊन पाहावं. २००६ मध्ये तिथे विडी कामगार महिलांना दहा हजार घरं मिळाली. गोदूताई परुळेकरांचं नाव त्या वसाहतीला आहे. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरची पंधरा हजार घरं कामगारांच्या हाती आली. ही घरं काही कुणी आपणहून आणून दिली नाहीत. त्यामागे बायकांचे कित्येक वर्षांचे मोर्चे आहेत.

मग आपण काय करायचं? रोज दिलेल्या विड्या, छाट आणि मिळालेले पैसे एका साध्या वहीत लिहायचे. वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहून घ्यायचं. कारखान्याच्या पुस्तकातली नोंद आपल्यासमोरच करून घ्यायची. फरक दिसला, तर एकटीने भांडू नये. चार-पाच जणींनी मिळून युनियनकडे किंवा सोलापूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात जावं. एकटीला ‘उद्यापासून पानं देत नाही’ म्हणणं सोपं असतं, अख्ख्या गल्लीला तसं म्हणणं ठेकेदारालाही परवडत नाही!