तारा नाशिकच्या, डॉक्टर पुण्याचे

बदलीची ऑर्डर आली, शाळेचा दाखला निघाला, गॅसचं कनेक्शनही हललं. मुलीच्या दातांवरच्या तारांचं काय, हे मात्र बहुधा टेम्पो भरून झाल्यावर आठवतं. तारांचे उपचार साधारण दीड ते दोन वर्षं चालतात. त्यात गाव बदलणं अनेकांच्या नशिबी येतंच.

सामान बांधण्याआधी नाशिकच्या डॉक्टरांना भेटा. संकोच नको, त्यांना याची सवय असते. सुरुवातीचे फोटो, दातांचे साचे, ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) आणि चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे मागून घ्या. आज तोंडात दिसतं ते अर्धं झालेलं काम. मूळ दुखणं काय होतं, हे पुण्याच्या डॉक्टरांना या जुन्या साच्यांवरूनच कळतं.

सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी. दात काढले असतील तर कुठले, आता कुठली तार चालू आहे, पुढे काय करायचं होतं, हे त्यात असावं. आणि ब्रॅकेट कुठले, हे तर नक्कीच. दातावर चिकटवलेल्या त्या इवल्या तुकड्याला मधोमध खाच असते, ०.०१८ इंचाची किंवा ०.०२२ इंचाची. फरक जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा, आरशात बघून कळणार नाही. पण लहान खाचेसाठीची तार मोठ्या खाचेत बसवली की ती सैल फिरते आणि दाताचं मूळ हवं तसं वळत नाही. उलट केलं तर जाड तार खाचेत शिरतच नाही. म्हणून काही डॉक्टर जुने ब्रॅकेट काढून स्वतःच्या पद्धतीचे लावतात. खर्च वाढतो, पण दरवेळी ती लबाडी नसते. कारण मात्र विचारा.

पैशांचं आधीच बोलून घ्या. किती भरले, त्यातले झालेल्या कामाचे किती, हे जुन्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. नवे डॉक्टर उरलेल्या हप्त्यांत काम पुरं करतील, असं धरून चालू नका. ते तपासून आपला आकडा सांगतात.

मधे फार खंड पडू देऊ नका. रबराची साखळी काही आठवड्यांतच ढिली पडते, तार मात्र बघणारं कोणी नसतानाही दात ढकलत राहू शकते.

आणि तारा निघायला तीन-चार महिनेच उरले असतील, तर डॉक्टर बदलूच नका. महिन्यातून एकदा नाशिकची एसटी पकडलेली परवडते.