आधी लुळा हात, मग चांगला

आजोबांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला की घरातली सारी माणसे सेवेला लागतात. कुणी भरवते, कुणी सदरा घालून देते. पण या प्रेमातच एक धोका असतो. तो कोणता, ते पाहू.

मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की तेथील पेशी मरतात. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण करते; म्हणून इजा डावीकडे झाली तर उजवा हात-पाय लुळा पडतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग सुधारणा होते कशी? शाबूत राहिलेला मेंदू त्यांचे काही काम उचलतो; पण त्यासाठी सराव लागतो. रँडॉल्फ न्यूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली माकडांवरील प्रयोगांत हे दाखवले. इजेनंतर सराव नसला तर मेंदूतील हाताचे उरलेले क्षेत्रही आकसत होते. बोटांनी खाऊ उचलण्याचा सराव दिला तर ते टिकत होते.

म्हणजे सदरा घालणे हाही अभ्यासच! तो शिकवायचा कसा?

आजोबांना पाय जमिनीवर टेकतील अशा खुर्चीवर बसवावे. पुढून उघडणारा, सैल सदरा घ्यावा. चांगल्या हाताने लुळ्या हातावर बाही चढवावी, सदरा पाठीमागून फिरवावा आणि चांगला हात शेवटी घालावा. काढताना क्रम उलटा: चांगला हात आधी बाहेर. कारण सोपे आहे. मागे वळून बाही शोधणे फक्त चांगल्या हातालाच जमते. लुळा हात मात्र कधीही ओढू नये. खांद्याला इजा होते.

सुरुवातीला सर्व पायऱ्या जमणार नाहीत. तेव्हा बाकीचे आपण करावे आणि शेवटचे बटण त्यांच्यावर सोपवावे. ते जमले की त्याआधीची पायरी. प्रत्येक वेळी काम त्यांच्याच हातून पुरे होते, आणि उमेद टिकते. किती आणि काय करून घ्यायचे, हे व्यवसायोपचार-तज्ज्ञांना विचारून ठरवावे.

हात अगदीच हलत नसेल तर एका हाताने कामे करण्याची रीत शिकता येते. तेही स्वावलंबनच.

वर्गात मुलाचे गणित आपणच सोडवून दिले तर वही भरते, मूल शिकत नाही. आजोबांच्या बटणाचेही तसेच आहे. पाच मिनिटे लागली तरी लागू द्यावीत. आपण शेजारी बसावे आणि हात आवरावा.