नाताळ, बडा दिन आणि इसवी सन

जाम नदीच्या काठी पांढुर्ण्यासमोर वसलेले, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीपुरतेच एरवी बाहेरच्यांच्या कानी पडणारे सावरगाव घरात मराठी बोलते, त्याचा सरकारी कारभार मात्र हिंदीत चालतो. म्हणून २५ डिसेंबरच्या सणाची दोन नावे तेथे शेजारी नांदतात, मराठीचा ‘नाताळ’ आणि हिंदीचा ‘बडा दिन’. पैकी अस्सल देशी भासणारा ‘नाताळ’ हाच परदेशी: जन्मासंबंधीच्या लॅटिन ‘नातालिस’पासून पोर्तुगीज ‘नताल’ झाला, आणि ज्या गलबतांतून ‘पाद्री’ व ‘क्रूस’ उतरले त्यांतूनच तोही आपल्या किनाऱ्यास लागला. याच पोर्तुगीज अमदानीत, १६१६ मध्ये, गोव्यातील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच योजला, हे त्यांच्या भाषाज्ञानाइतकेच धाडसाचेही द्योतक होय.

‘ख्रिसमस’ म्हणजे ख्रिस्ताचा मिस्सा. उपासकांना निरोप देणाऱ्या लॅटिन वाक्यातील ‘मिस्सा’ या शब्दाने साऱ्या विधीलाच नाव द्यावे, ही मौज खरी! ‘ख्रिस्त’ हा ग्रीक शब्द, अर्थ अभिषिक्त. हिब्रू ‘माशिआह’चे ते भाषांतर, आणि त्याच हिब्रूचा भाऊबंद अरबी ‘मसीह’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे ‘मसीहा’ झाला. अरबीत येशूचे नाव ‘ईसा’. त्यावरून ‘ईसवी’, म्हणजे ईसाचा, असे विशेषण बनले आणि आपला ‘इसवी सन’ त्यातूनच आला.